दोन तळव्यांमधली जागा

"पुढं वाच."

"हात जोडलेत, काकू."

"कुणी?"

"पाटील मास्तरांनी."

"मग?"

"गावभागातल्या कुलकर्णींनी. त्यांनीही हात जोडलेत."

"लिहिलंय काय?"

"लिहिलं काही नाही. नुसते हात."

पद्माकाकू दाराच्या आत खुर्चीवर बसल्या होत्या आणि मी अंगणात, पेरूच्या झाडाखाली. मधे उंबरा, तीन पायऱ्या आणि दोघांच्या तोंडावरचे मास्क. दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल होता. आदल्या दुपारी भूपालअण्णा इस्पितळात गेले होते. गेले म्हणजे दाखल व्हायला गेले होते ते आठवडाभरापूर्वी, स्वतःच्या पायांनी, अँब्युलन्समध्ये चढताना "आलोच गं" म्हणून. आणि काल तिथूनच पुढं गेले. काकू स्वतः त्याच तापातून उठत होत्या, त्यांना घराबाहेर पडायची बंदी. मुलगी संगीता बंगळूरला अडकलेली. अण्णांना अग्नी कुणी दिला, कसा दिला, आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. गल्लीत शेजार म्हणून मी तेवढा होतो, आणि माझ्या हातात मोबाइल होता.

अण्णा सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. पण सांगलीत त्यांना ओळखत होते ते नदीमुळं. अर्ध्या गावाला त्यांनी कृष्णेत पोहायला शिकवलं. पोटाखाली तळहात धरायचे आणि तो कधी काढून घेतला ते पोराला कळायचंही नाही. मलाही असंच शिकवलं. त्या सगळ्या पोहणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप होता आणि कालपासून त्यावर तेच ते येत होतं.

"सगळ्यांचे हात सारखेच?" काकूंनी विचारलं.

"सारखेच. पिवळे."

"पिवळे? कावीळ झाल्यागत?"

"मोबाइलमध्ये तसेच असतात."

त्या म्हणाल्या, "एकेक नाव घेऊन वाच. गाळू नकोस."

मी वाचत गेलो. नाव आणि हात. नाव आणि हात. मधेच कुणाचं 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधेच ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी कुणाचा तरी नंबर, त्याच्याखाली कुणा विसरभोळ्याचं गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. एका ठिकाणी मी अडखळलो.

"का थांबलास?"

"काही नाही."

"नंदू, वाच."

"शिवाप्पांनी... चेहरा पाठवलाय."

"कसला चेहरा?"

"हसणारा."

शिवाप्पा मगदूम म्हणजे अण्णांचे जन्माचे जोडीदार. पोहायचा वर्ग दोघांनी मिळून काढलेला. पण दोन हजार एकोणीसच्या महापुरात बचावाची नाव कुठल्या गल्लीत आधी न्यायची यावरून दोघांची चारचौघांत जुंपली आणि तेव्हापासून बोलणं बंद. आणि आता अण्णांच्या मृत्यूच्या बातमीखाली शिवाप्पांचा तो चेहरा: तोंड फाकलेलं, हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेलं. त्याखाली लोकांनी त्यांना झोडपून काढलं होतं. 'लाज वाटते का?' 'मेलेल्या माणसाशी कसलं वैर?' आणि शेवटी बारीक अक्षरांत, शिवाप्पा मगदूम यांनी ग्रुप सोडला.

हे सगळं मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी गाळू नको म्हणून सांगितलं होतं. त्या उठल्या, म्हणाल्या, "बास आता," आणि दार लावून घेतलं.

काकू बऱ्या झाल्या. संगीता येऊन महिनाभर राहून गेली. पण काकू रडल्या नाहीत. रोज सकाळी उजाडताना त्या बंब पेटवायच्या, कारण अण्णा नदीवरून गारठून यायचे. पाणी तापायचं, मग निवायचं. दुपारी त्या ते झाडांना घालायच्या, मी रोज जाऊन बसायचो त्या अंगणातल्या पेरूलाही.

"नंदूदादा, आईला ते गेलेत हे कळतंय, पण पटत नाहीये," संगीता मला फाटकाशी म्हणाली होती. "कुणी घरी आलं नाही ना. कुणी आलं असतं, जवळ बसलं असतं, तर रडली असती. इथं सगळा समाचार फोनवर झाला."

मी मूर्तिकार आहे. चौकाचौकांत पुढाऱ्यांचे पुतळे बसतात, त्यांतले काही माझे. पावसाळा सरता सरता ग्रुपवर ठरलं की घाटावर अण्णांचा अर्धपुतळा बसवायचा आणि तो नंदू सुतारनं करायचा. मला वेगळं सांगायला नकोच होतं. मातीत चेहरा उभा केला, मिशा, कपाळावरची खोक, सगळं जमलं, आणि एका दुपारी काकूंना माझ्या कारखान्यात घेऊन आलो.

त्यांनी पुतळ्याभोवती एक फेरी मारली.

"हुबेहूब झालाय," त्या म्हणाल्या.

मी खूश झालो.

"पण हा कशाला?"

"घाटावर बसवायला, काकू. सगळ्यांची इच्छा आहे."

"यांचा चेहरा मला पाठ आहे, नंदू. लग्न झाल्यापासनं बघतेय. मला जे दिसलं नाही ते दाखव की." बोलता बोलता त्यांनी घमेल्यातला मातीचा गोळा उचलला होता आणि भाकरीचं पीठ मळावं तसा त्या तो हातात फिरवत होत्या. "त्या दिवशी तू नावं घेत होतास आणि मी मोजत नव्हते, ऐकत होते. म्हटलं, एवढ्या माणसांनी हात जोडले, एकाचा तरी हात मला दिसला का? जोडले तरी का खरंच? का नुसतं दाबलं आणि पुढं गेले? मी घरात बसून होते. एक माणूस जरी उंबऱ्यावर येऊन असं उभं राहिलं असतं..."

आणि कसं उभं राहिलं असतं ते दाखवायला त्यांनी हात जोडले. गोळा मधेच होता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, कुणीतरी समोर असल्यासारख्या. मग भानावर आल्या, तो गोळा पाटावर ठेवला, हात धुतले आणि निघून गेल्या.

मी पाटाजवळ गेलो. मातीचा गोळा आता गोळा राहिला नव्हता. एखाद्या जाड पानासारखा झाला होता, मधे फुगीर, कडांना पातळ. दोन्ही अंगांना तळहाताच्या रेषा, बोटांची पेरं, अंगठ्याखालच्या उंचवट्याचा खळगा, एका बोटावरच्या अंगठीचीही खूण. काकूंचा नमस्कार तिथं पडला होता. नमस्कार करताना दोन तळव्यांच्या मधे जी जागा राहते, ती मी जन्मात पाहिली नव्हती. हजारो हात घडवले असतील मी, पण त्यांच्या आत काय असतं हे माहीत नव्हतं. मी त्या संध्याकाळी अण्णांच्या पुतळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि पुन्हा काढलं नाही.

ग्रुपवर मी लिहिलं: 'अण्णांना ज्यांनी हात पाठवले होते, त्यांनी ते घेऊन माझ्याकडं यावं. काकूंना सध्या काही बोलू नये.'

आधी थट्टा झाली. कुणी अंगठा पाठवला, कुणी पुन्हा हातच पाठवले. पण निर्बंध उठत आले होते, माणसं घरात बसून आंबली होती, आणि एके दिवशी पाटील मास्तर काठी टेकत आले.

"काय करायचं रे?"

"काही नाही, मास्तर. हा गोळा हातात धरायचा आणि अण्णांना नमस्कार करायचा."

"बस्स? एवढंच?"

"एवढंच."

ते हसत हसत उभे राहिले, हात जोडले. आणि हसू कुठं गेलं कोण जाणे. माती गार असते, घट्ट असते. मोबाइलवर अंगठा टेकला की काम झालं. इथं तळवे दाबून धरावे लागतात, मातीला वेळ द्यावा लागतो, आणि त्या वेळात माणसाला दुसरं काही करता येत नाही. मास्तरांचे ओठ हलायला लागले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग लोक येतच राहिले. शिलाई मशीनवर आयुष्य घालवलेल्या मालनताई आल्या. त्यांच्या नमस्कारात डाव्या तर्जनीवर सुईच्या जुन्या जखमेची रेघ उमटली. हळदीच्या अडतीतला हमाल आला, त्याचे तळवे इतके कडक की मातीवर रेषा जवळजवळ नाहीतच, नुसता एक खोल खळगा. मस्कतला असलेला एकजण रजेवर आला तो विमानतळावरून घरी जायच्या आधी माझ्याकडं उतरला. डॉक्टर झालेली अमृता आली, तिनं हात जोडले ते सोडीचना. शेवटी म्हणाली, "नंदूकाका, त्या महिन्यात मी दिवसभर हेच पाठवत होते. याला हात, त्याला हात. पण खरे हात एकदाही जोडले नव्हते. वेळच नव्हता."

एक बाई आल्या, त्यांना मी ओळखत नव्हतो. दारातच थांबल्या.

"अण्णांना नमस्कार आमच्या ह्यांनी पाठवला होता. पुढं थोड्याच दिवसांत हे पण गेले." त्यांनी पदर सारखा केला. "त्यांच्या वाटचा मी केला तर चालेल का?"

मी गोळा पुढं केला.

अशी कारखान्यातली फळी त्या नमस्कारांनी भरत गेली. एकासारखा दुसरा नाही. कुणाचा शिंपल्यासारखा पोकळ, कुणाचा पुरणपोळीसारखा सपाट, कुणाचा वळलेला, जणू एक हात दुसऱ्याला आधार देत होता. मोबाइलच्या पडद्यावर जे सगळे एकाच साच्यातले पिवळे होते, ते हे होते. मी कामाला लागायच्या आधी रोज त्या फळीसमोर नुसता उभा राहायचो. कारखान्यात देवघर असल्यासारखं वाटायचं.

शिवाप्पा आले ते सगळ्यांच्या शेवटी. भर दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून. खूप वाळले होते.

"मी हात पाठवले नव्हते," ते म्हणाले. "मी काय पाठवलं ते गावाला ठाऊक आहे. तरी करू का?"

"करा की, आप्पा."

ते गोळ्याकडं बघत राहिले. "चष्मा लावला नव्हता, नंदू. बातमी वाचली आणि दिसेनासंच झालं. एका तोंडाच्या डोळ्यांतनं पाणी येताना दिसलं. म्हटलं, हेच आपलं. दाबलं."

"मग सांगितलं का नाहीत? लोक काय काय बोलले."

"कुणाला सांगू? ज्याला सांगायचं तो गेला. तो असता तर मला दोन शिव्या देऊन हसला असता." त्यांनी गोळा घेतला. "आणि वहिनींपुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांनी हात जोडले ते असे की माती बोटांच्या फटींतून बाहेर आली. सोडले तेव्हा मधला भाग इतका पातळ झाला होता की उजेडाला धरला तर पलीकडचं दिसेल असं वाटलं. मी मनात म्हटलं, हा काही भट्टीत टिकायचा नाही.

सगळे सावलीत सावकाश वाळवले आणि कुंभारवाड्यातल्या ओळखीच्या भट्टीत भाजले. काही तडकले. तडकलेलेही मी ठेवले. तो काय त्या माणसाचा दोष नव्हता. राखेतून एकेक काढताना मी शिवाप्पांचा शोधत होतो. तो खाली सापडला, तांबडाभडक, अखंड. वाजवून पाहिला तर चिनी मातीच्या बशीसारखा वाजला.

थंडीत नदी उतरली, घाटाच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. एका रविवारी सकाळी मी ते सगळे नमस्कार पायऱ्यांवर मांडले. ज्या क्रमानं त्या दिवशी ग्रुपवर आले होते त्याच क्रमानं, वरच्या पायरीपासून पाण्याच्या कडेपर्यंत, शिवाप्पांचा तेवढा सगळ्यांत शेवटी, प्रत्येकासमोर नावाची चिठ्ठी. चारी बाजूंनी दोरी बांधली आणि प्रदर्शनात लावतात तशी पाटी लावली, 'कृपया हात लावू नये'. कोवळं ऊन पडलं होतं आणि तांबड्या मातीवर तळहातांच्या रेषा न् रेषा दिसत होत्या. मी वर जाऊन पाहिलं आणि मला वाटलं, एवढं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नाही आणि पुढंही होणार नाही.

गाव जमला. अजून लोक एकमेकांना चिकटून उभे राहत नव्हते. जो तो आपलं अंतर राखून. संगीता काकूंना घेऊन आली. अण्णा गेल्यापासून काकू पहिल्यांदा नदीवर येत होत्या.

"हे काय मांडलंयस?"

"तुम्ही म्हणाला होता ना, त्यांचे हात दिसले नाहीत म्हणून. हे ते, काकू. त्या दिवशीचे सगळे."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग चिठ्ठी वाचली: पाटील मास्तर. पुढची वाचली. पुढची वाचली. आणि मग त्यांनी सरळ दोरी उचलली, तिच्याखालून वाकून आत गेल्या आणि पायरीवर बसल्या.

"अहो, हात नाही लावायचा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मी हात वर करून त्याला गप्प केलं. का केलं ते मलाही ठाऊक नव्हतं.

काकूंनी मास्तरांचा नमस्कार उचलला. उलटापालटा करून पाहिला. मग आपल्या दोन तळव्यांमधे धरला आणि हात जोडले.

त्यांच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं, ते मला वरून दिसलं.

"नंदू," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, पण घाटावर इतकी शांतता होती की सगळ्यांनी ऐकलं. "यात जागा आहे रे. माझ्या हाताला जागा ठेवलीय यांनी."

मी कित्येक महिने त्या वस्तू हाताळत होतो. वाळवत होतो, भाजत होतो, बघत होतो. एकदाही, एकदाही मी त्यांतली एक उचलून असे हात जोडले नव्हते. दुसऱ्याच्या तळव्यानं केलेल्या खळग्यात आपला तळवा जाऊन बसतो, तो जिथं होता बरोबर तिथं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काकूंनी तो खाली ठेवला आणि दुसरा घेतला. मग तिसरा. प्रत्येक वेळी चिठ्ठी वाचायच्या, हात जोडायच्या आणि घरात आलेल्या माणसाशी बोलावं तसं पुटपुटायच्या, "आलात? बसा." "मालन, आलीस गं?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. हुंदका नाही, काही नाही. वर एवढी माणसं उभी होती, पण एकानंही मोबाइल बाहेर काढला नाही. अण्णांनी पाण्यात ढकललेली, धष्टपुष्ट झालेली पोरं मान खाली घालून उभी होती. अशा त्या पायरी पायरीनं सरकत पाण्यापर्यंत आल्या, आणि शेवटच्या चिठ्ठीपाशी थांबल्या.

"भावजी आलेत का?"

माणसं बाजूला झाली. शिवाप्पा सगळ्यांच्या मागं, पिंपळाच्या पाराला धरून उभे होते. ते खाली उतरले. दोन पायऱ्या वर थांबले.

"भावजी, तुम्ही हसलात म्हणे."

"न्हाई वहिनी. मला वाटलं ते रडतंय. पाणी होतं त्याच्या डोळ्यांत."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"हसताना पण येतंच की पाणी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसूच आलं, रडता रडता. "तुम्हाला दोघांनाही कधी धड बोलता आलं नाही. तेही तसेच. मनात एक आणि तोंडात भलतंच."

शिवाप्पांचा तो पातळ नमस्कार त्यांच्या हातात होता. त्यांनी तो तळव्यांमधे धरला नाही. जपून पायरीवर ठेवून दिला.

"हा कशाला? तुम्ही आहात की समोर."

आणि त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले.

त्या काळात कुणी कुणाचा हात धरत नव्हतं. त्यातून साठी उलटलेली बाई, भरल्या घाटावर, नवऱ्याच्या मित्राचा. शिवाप्पांनी एकदा वर गर्दीकडं पाहिलं. धोतराला हात पुसले. मग पुढं होऊन त्यांनी ते काकूंच्या हातांत दिले आणि लहान पोरासारखे ओक्साबोक्शी रडू लागले. "शिस्तीत, भावजी, शिस्तीत," काकू म्हणत होत्या आणि त्याही रडत होत्या.

दोरी कुणी सोडली ते मला दिसलं नाही. पाटील मास्तर काठी टेकत खाली आले, जागा नव्हती म्हणून त्यांनी स्वतःचाच नमस्कार बाजूला सरकवला आणि बसले. मालनताई बसल्या. अमृता काकूंच्या पाठीवर हात ठेवून बसली. आपल्या नवऱ्याच्या वाटचा नमस्कार केलेल्या बाई आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना जवळ ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं मी यायला पाहिजे होतं." बघता बघता पायऱ्या माणसांनी भरल्या. मांडणी मोडली, क्रम गेला, चिठ्ठ्या वाऱ्यावर उडून पाण्यात गेल्या. मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत चांगलं काम लोकांच्या पायांशी कुठंकुठं पडलं होतं आणि तिकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. मी वर एकटा उभा होतो.

मग मीही चपला काढल्या, वाट काढत खाली गेलो आणि काकूंच्या शेजारी बसलो.

त्यांनी माझा हात धरला.

"ये नंदू," त्या म्हणाल्या. "रोज अंगणात बसायचास, पण तूही आजच आलास."